पेझकोर: कच्चा, पण जीव आहे

'लेस दॅन जेक ऐकायचा तर थेट लूझिंग स्ट्रीकपासून, पेझकोर नुसता गोंगाट' हे लेस दॅन जेक या स्का-पंक बँडच्या (स्का म्हणजे ठेक्यांच्या मधल्या जागी गिटार वाजणारं जमैकाचं संगीत, पंक म्हणजे वेगवान, दणदणीत रॉक) दोन अल्बमबद्दलचं मत मला अर्धंच पटलं. पेझकोरचं ध्वनिमुद्रण कच्चं आहे, कबूल. १९९५ चा अल्बम, फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलची पोरं, लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनीही लहानशीच. ट्रॉम्बोन कधी कधी शेजारच्या खोलीतून वाजल्यासारखा येतो. आणि एकोणीस गाणी जरा जास्तच होतात. मधली चार-पाच मी आजही पुढे ढकलतो.

पण 'जॉनी क्वेस्ट थिंक्स वी आर सेलआउट्स' हेडफोन लावून ऐका. 'एक अन् दोन अन्' मोजत बसा, स्काची गिटार बरोबर त्या 'अन्'वर टुचकन पडते. मग अचानक पंक सुटतो आणि मोजणं राहतं बाजूला! हेच गाणं १९९६ मध्ये कॅपिटल या मोठ्या लेबलच्या लूझिंग स्ट्रीकवर पुन्हा आलं. तिथे सगळं इस्त्री केल्यासारखं. तेही छानच, पण मला चुरगळलेलंच आवडतं. आता 'आम्हाला पैशासाठी विकले गेलेले म्हणतात' अशा अर्थाचं गाणं मोठ्या लेबलवर जाऊन परत गायचं, याला काय म्हणावं?

बोल मात्र यथातथाच. ड्रमर विनी फिओरेलोची लेखणी पुढे बरीच सुधारली.