समुद्राकाठच्या जुन्या तोफखान्याचे अवशेष पाहताना नेमके काय शोधावे?

प्रश्न : गणितशिक्षक, परंडा तालुका, जि. धाराशिव

दिवाळीनंतर शाळेची बावीस मुले घेऊन मुंबईला गेलो होतो. घारापुरीची लेणी पाहून झाल्यावर आम्ही टेकडीच्या माथ्यावर चढलो आणि तिथल्या ब्रिटिशकालीन तोफा पाहिल्या. आमची मुले परंड्याच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेली आहेत. बुरूज, खंदक, जंग्या, दारूकोठार हे शब्द त्यांना पुस्तकातून शिकवावे लागत नाहीत. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहूनच विजापूरला नेली गेली, हेही त्यांना पाठ आहे. पण त्या टेकडीवर तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. गोल खड्डा, त्यात गंजलेली लांब नळी आणि शेजारून खाली उतरणाऱ्या अंधाऱ्या खोल्या, एवढेच दिसते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, तोफ आहे, पण मग किल्ला कुठे आहे?’ मला उत्तर देता आले नाही आणि ते अजून मनात सलते आहे.

फेब्रुवारीत दुसरी तुकडी न्यायची आहे. तट का नाही, खालच्या खोल्या कशासाठी होत्या आणि समुद्रात पाच-सहा किलोमीटरवर चालत्या जहाजाचे अंतर त्या काळी कसे मोजत असत, हे जाणकारांनी समजावून सांगावे, अशी विनंती आहे.

उत्तर : निवृत्त हवालदार, तोफखाना, औसा

गुरुजी, त्या मुलीने अगदी मुळाला हात घातला आहे. मी आयुष्यभर मैदानी तोफांवर होतो, किनाऱ्यावरच्या तोफांवर नव्हतो, पण तोफेचे आणि दारूगोळ्याचे शास्त्र दोन्हीकडे एकच असते.

नळदुर्गचा उपळी बुरूज आठवा. उंचावरून दूरवर दिसावे आणि दूरवर मारा करता यावा म्हणून तो मुद्दाम उंच बांधला आहे. समोरून येणारा गोळा दगडी किंवा लोखंडी असेल, तोवर जाड तट तो सोसत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीच्या आतून पिळाच्या खाचा असलेल्या तोफा आल्या आणि लांबट, टोकदार, आत स्फोटक भरलेले गोळे भिंतीत घुसून फुटू लागले. उंच तट हे शत्रूच्या जहाजासाठी आयते निशाण ठरले आणि त्याच्या दगडाच्या कपच्या आपल्याच गोलंदाजांना लागू लागल्या. म्हणून किल्ला जमिनीत गेला. तोफ खड्ड्यात बसवली, पुढे काँक्रीटचा उतरता कठडा केला आणि त्याच्यापुढे मातीचा सौम्य उतार ठेवला, म्हणजे आलेला गोळा एक तर मातीत रुतेल किंवा उतारावरून घसरून वर निघून जाईल. समुद्रावरून पाहणाऱ्याला फक्त टेकडी दिसावी, हाच हेतू होता. मुलांना सांगा की तुम्ही त्या किल्ल्याच्या माथ्यावरच उभे होतात.

अनेक ठिकाणी तोफ भंगारात गेलेली असते. तिथे खड्ड्याच्या तळाशी वर्तुळात रोवलेले जाड बोल्ट शोधावेत. तोफेचा गाडा त्यांवर घट्ट बसवलेला असे, त्यामुळे वर्तुळाच्या व्यासावरून तोफ साधारण केवढी असेल याचा अंदाज बांधता येतो. ब्रिटिशांच्या ६ इंची तोफेचा गोळा १०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४५ किलोचा होता. तो दोन गडी उचलू शकत. ९.२ इंची तोफेचा गोळा मात्र ३८० पौंडांचा, म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या आसपास होता. सोयाबीनचे पोते पाठीवर घेणाऱ्याला हे वजन वेगळे सांगायला नको. असा गोळा हाताने चढत नाही, म्हणून खालच्या कोठारातून वर येणारा उभा चौकोनी बोगदा आणि त्यातला पाळणा लागतो. आज त्या पाळण्याचे लोखंड गेलेले असते आणि उघडे भोक तेवढे राहिलेले असते. मुलांना नेताना मला सर्वांत जास्त भीती याच भोकाची वाटते. पावसाचे पाणी आणि पालापाचोळा साचला की ते दिसतही नाही. प्रत्येकाच्या हातात विजेरी असू द्या आणि पुढे एक मोठा माणूस काठीने जमीन चाचपत चालू द्या. गोळ्यासारखे काही सापडले तर त्याला पायही लावू नये, सगळ्यांनी मागे फिरावे आणि पोलिसांना कळवावे.

उत्तर : स्थापत्य अभियंता, छत्रपती संभाजीनगर

काकांनी सांगितलेल्या खोल्यांचा उलगडा मला मुंबईतच मलबार हिलच्या टोकावर झाला. तिथे राजभवनाच्या आवारात २०१६ मध्ये अनेक दशके बुजवलेले एक भुयार उघडले गेले. आत सुमारे १५,००० चौरस फुटांत तेरा खोल्या निघाल्या आणि कित्येकींवर त्यांच्या कामाची नावे शिल्लक होती : गोळ्यांचे कोठार, काडतुसांचे कोठार, पंप, कार्यशाळा. २०१९ मध्ये त्याचे संग्रहालय झाले. आधी नोंदणी करूनच जाता येते. गुरुजी, मुलांना घारापुरीच्या आधी हे दाखवावे, असे मला वाटते, कारण एकदा नावासकट खोली पाहिली की नंतर बिननावाची खोलीही ओळखता येते.

तिथे मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही की गोळा आणि त्याला ढकलणारी दारू यांच्या खोल्या वेगळ्या आहेत. एका ठिकाणी अपघात झाला तरी दुसरे कोठार वाचावे, यासाठी ही काळजी. एकोणिसाव्या शतकातील अशा ब्रिटिश कोठारांत दिव्यांचीही मोठी खबरदारी घेतलेली असे. भिंतीत कोनाडा, त्याला जाड काच, आणि दिवा ठेवायचा तो पलीकडच्या स्वतंत्र बोळातून. उजेड आत येई, पण ज्योत कधीही दारूच्या हवेत येत नसे. आत जाणाऱ्यांच्या पायताणालाही लोखंडी खिळा चालत नसे. त्यामुळे एखाद्या अवशेषात दोन खोल्यांच्या मध्ये विनाकारण वाटणारा, माणूस जेमतेम मावेल असा अरुंद बोळ दिसला, तर त्याच्या भिंतीतील कोनाडे अवश्य पाहावेत. दौलताबादच्या मेंढा तोफेपाशी आपण नळीवरची नक्षी पाहत राहतो. इथे नक्षी नाही, पण या बोळांत जो विचार आहे तो मला तितकाच सुंदर वाटतो.

उत्तर : निवृत्त भूमापक, जालना

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या विषयातले आहे, गुरुजी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समुद्राचा पृष्ठभाग सपाट असतो, हीच किनाऱ्यावरच्या निरीक्षकाची सोय. त्याची चौकी समुद्रापासून किती उंच आहे हे नेमके माहीत असते. दुर्बिणीतून जहाजाच्या पाण्यालगतच्या रेषेवर नजर लावायची आणि नजर क्षितिजसमांतर रेषेच्या किती खाली झुकली तो कोन मोजायचा. उंची भागिले त्या कोनाचा टॅन्जंट, म्हणजे अंतर. चौकी १०० मीटर उंच असेल आणि कोन १ अंश आला, तर जहाज सुमारे ५,७३० मीटरवर आहे. कोन अर्धा अंश असेल, तर अंतर सुमारे ११,४६० मीटर. पृथ्वीची वक्रता आणि हवेतील प्रकाशाचे वळण यांची दुरुस्ती मी इथे सोडून दिली आहे. ब्रिटिश तोफखान्यातील वॉटकिन या अधिकाऱ्याने याच तत्त्वावर यंत्र बनवले आणि ते किनाऱ्यावरील मोर्चांवर वापरात आले.

आता यातली खरी गंमत पाहा. मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. पाणी चार मीटर चढले की चौकीची उंची १०० ऐवजी ९६ मीटर होते आणि त्याच १ अंशाच्या कोनाला अंतर ५,५०० मीटर निघते. म्हणजे भरती विचारात घेतली नाही तर गोळा सुमारे २३० मीटर चुकणार. म्हणून यंत्रावर भरतीचा आकडा वेळोवेळी बदलावा लागे. टेकडीवर तोफेपासून बाजूला, बहुधा अधिक उंचावर, समुद्राकडे आडवी फट ठेवलेली छोटी खोली आणि तिच्या मधोमध काँक्रीटचा भक्कम खांब दिसला, तर यंत्र त्या खांबावर असण्याचा संभव मोठा. आम्ही भूमापक ती खोली तोफेच्याही आधी शोधू.

उत्तर : नांदेड

अंदमानला कुटुंबासह गेलो होतो, त्यावरून थोडे लिहितो. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी ती बेटे घेतली आणि १९४५ पर्यंत ती त्यांच्याकडे होती. पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) किनाऱ्यावर आणि समोरच्या रॉस बेटावर (आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर) त्यांची काँक्रीटची ठाणी अजून उभी आहेत. ती घारापुरीसारखी टेकडीच्या माथ्यावर नसून थेट पाण्याच्या काठाशी आहेत, कारण ती किनाऱ्यावर उतरू पाहणाऱ्या सैन्याला रोखण्यासाठी होती. फटीतून डोकावले की किनाऱ्याचा नेमका किती भाग माऱ्यात येत असे ते लगेच कळते. मुलांना प्रत्येक फटीतून पाहायला लावा, एवढेच सुचवतो. बाकी सर्व वरच्या मंडळींनी सांगितलेच आहे.

प्रश्नकर्ता :

सर्वांचे मनापासून आभार. त्या मुलीला काल वर्गात उत्तर दिले. तिने लगेच विचारले की मग आपल्या परंड्याच्या बुरुजावरूनही असे अंतर मोजता येईल का. खंदकात पाणी असेपर्यंत मोजता येईल, असे आम्ही मिळून ठरवले आहे. येत्या शनिवारी कोनमापक, ओळंबा आणि दोरी घेऊन बुरुजावर जाणार आहोत. आधी दोरी सोडून पाण्यापर्यंतची उंची घ्यायची, मग पलीकडच्या काठाच्या पाण्यालगतच्या दगडाचा कोन. आलेले उत्तर नंतर टेपने पडताळू. फेब्रुवारीत घारापुरीला जाण्याच्या दिवसाची भरतीची वेळ मुलांनी आत्ताच वहीत लिहून ठेवली आहे. जालन्याच्या काकांना एक विचारतो : आमचा बुरूज समुद्रावरच्या टेकडीच्या मानाने फारच बुटका आहे, तर साध्या शालेय कोनमापकाने अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तरात किती फरक पडेल, हे मुलांकडून आधीच काढून घ्यावे का?