आंबोली नक्की कोकणात की घाटावर? आणि तिथे हिल स्टेशन झालं कसं?

कुडाळची_आई: नमस्कार मंडळी. लेकाला शाळेत 'आपल्या जिल्ह्यातलं एक ठिकाण' असा प्रोजेक्ट आहे, त्याने आंबोली घेतलंय कारण गेल्या पावसात आम्ही गेलो होतो आणि याला धबधब्यापेक्षा तिथलं मक्याचं कणीसच जास्त आठवतंय. आता तो विचारतो की आई, आंबोली आपल्या सिंधुदुर्गात आहे तर मग कोकणात ना, मग तिथली नदी समुद्राला का येत नाही? मला काही सांगता येईना. नेटवर शोधलं तर सगळीकडे 'निसर्गरम्य' आणि 'पर्यटकांचे नंदनवन' एवढंच. कोणी नीट सांगेल का, म्हणजे गाव तिथे का झालं, कोणी वसवलं वगैरे?

घाटमाथ्यावरचा: ताई, पोराचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आंबोली सावंतवाडी तालुक्यात, म्हणजे कागदावर कोकण. पण दाणोली सोडून घाट चढायला लागलात की साधारण ६९० मीटरवर पोचता आणि मजा म्हणजे पलीकडे उतरायला घाटच नाही! चौकुळकडे जा नाहीतर आजऱ्याकडे, जमीन हळूहळू कलत जाते एवढंच. म्हणजे आंबोली हा डोंगराचा सुळका वगैरे नाही, दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची कड आहे. म्हणून घाटातल्या मोठ्या धबधब्याचं पाणी खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं आणि थोड्याच अंतरावर उगवणारी हिरण्यकेशी मात्र पाठ फिरवून पूर्वेला जाते, आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. हवा स्वच्छ असली तर आंबोलीतल्या महादेवगडावरून समुद्र दिसतो, त्याच गावची नदी अख्खा देश ओलांडून दुसऱ्या समुद्राला जाते, प्रोजेक्टमध्ये हेच पहिल्या पानावर घ्या. पोराला दोन रंगाच्या पेनने नकाशा काढायला सांगा, निळा पश्चिमेला, लाल पूर्वेला.

वेंगुर्ल्याचो_झिलगो: भूगोल झालो, आता इतिहास मी सांगतंय 😀 आंबोलीक आंबोली केली ती रस्त्यान. इंग्रजांचा बेळगावला मोठा कॅम्प आणि त्यांना जवळचं बंदर म्हणजे आमचं वेंगुर्ला. वेंगुर्ल्यात डचांची वखार तर सतराव्या शतकातली, ती पडकी इमारत अजून उभी आहे. पुढे १८१२ मध्ये वेंगुर्ला सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. त्याआधी वर जायची जुनी वाट खाली दोडामार्गच्या अंगाला रामघाटातून होती, ती भयंकर खडी. म्हणून मग पारपोलीवरून आंबोलीचा गाडीरस्ता काढला, आणि रस्ता आला की मागोमाग साहेब आलाच. सावंतवाडी संस्थानात इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असायचा, त्यातल्या कर्नल वेस्ट्रॉपने इथे थंड हवेचं ठिकाण करायचं मनावर घेतलं. उन्हाळ्यात खाली सावंतवाडीत घामाने चिंब होण्यापेक्षा वर जाऊन बसलेलं काय वाईट.

पण आंबोली महाबळेश्वर झाली नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण आमच्या बंदरातच आहे. १८८० च्या दशकात गोव्यातून मुरगाव बंदराची रेल्वे घाट चढून वर गेली, बेळगावला पण रेल्वे आली, मग घाटातून बैलगाड्यांनी माल कोण आणणार? वेंगुर्ला बंदर बसलं आणि आंबोलीवरून जाणारी वर्दळ पण आटली. त्यामुळे बंगले थोडे, बाजार छोटा, आजपण ग्रामपंचायतच. माझो आजो सांगी, आंबोलीचो घाट म्हणजे बैलांचो घाम. मला वाटतं बरंच झालं नाही वाढली ते, पण हॉटेलवाले यावर चिडतील.

रेडीची_पोर: इतिहासात जमिनीचं राहिलं की. आंबोली, चौकुळ, गेळे या तीन गावांत 'कबुलायतदार गावकर' म्हणून संस्थानाच्या काळापासूनची पद्धत आहे, जमीन सगळ्या गावाची मिळून आणि सातबाऱ्याचं भांडण वर्षानुवर्षं चालू. १९४८ ला संस्थान विलीन झालं, १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, पण तो घोळ आहेच. 'निसर्गरम्य' लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, गावातल्या माणसाला विचारा मग कळेल.

कुडाळची_आई: बापरे, एवढं सगळं! हे शिक्षकांना पण माहीत नसेल. पण पाऊस तिथेच एवढा का पडतो हेही सांगा ना, त्याचा एक प्रश्न आहे वहीत.

घाटमाथ्यावरचा: समुद्रावरून आलेलं ओलं वारं सह्याद्रीला थडकतं, वर चढतं, वर गेलं की थंड होतं आणि तिथेच सगळं ओततं. किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास तर आंबोलीत सात हजारच्या वर. आणि तेच वारं रिकामं होऊन पुढे गडहिंग्लजला पोचलं की तिथले शेतकरी आकाशाकडे बघत बसतात. मी नोकरीनिमित्त दोन पावसाळे आंबोलीत काढलेत, काडेपेटी तांदळाच्या डब्यात ठेवायचो तरी सादळायची, शर्ट चुलीवरच्या दोरीवर वाळवायचो त्यामुळे ऑफिसात सगळ्यांच्या कपड्याला धुराचा एकच वास. पहिल्या आठवड्यात मी लाजलो, मग कळलं साहेबांचा पण तोच वास. दुपारी दोन वाजता एसटी लाईट लावून घाटात, आणि कंडक्टर दारातून वाकून रस्ता बघतोय. आंबोलीजवळच्या कावळेसादच्या कड्यावर तर वारं खालून एवढं येतं की धबधब्याचं पाणी वर उडून तोंडावर येतं, पोराला ते दाखवा, पण रेलिंगच्या आतून.

बेडूकप्रेमी: जीवशास्त्राचे मार्क पण घ्या मग. आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावर मिळणारा आंबोली टोड (बेडकाचा भाऊबंद) २००९ मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंदला गेला. आणि हिरण्यकेशीच्या देवळासमोरच्या कुंडात २०२० मध्ये माशाची नवी जात मिळाली, तिचं नावच शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्या पुढच्याच वर्षी त्या २.११ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. मासा बोटाएवढा पण नाही. ताई, कुंडात पाय घालू देऊ नका पोराला, बिस्किटं तर अजिबात टाकू नका.

कुडाळची_आई: गेल्या वेळी त्याने बिस्किटच टाकलं होतं 🙈 आता तो म्हणतो तेही प्रोजेक्टमध्ये लिहू का.

वेंगुर्ल्याचो_झिलगो: लिव म्हणा, पण शेवटच्या पानार.