जुन्या फायबर होडीला जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं मशीन चालेल?

खाडीकाठचा: दाभोळ खाडीत फिरायला जुनी फायबरची होडी घेतली आहे. लांबी १६ फूट, मागची फळी ५ फूट रुंद, २० इंच उंच. गाडीसारखं स्टिअरिंग आहे. हॉर्सपॉवरची मर्यादा लिहिलेली कारखान्याची प्लेट गायब, रिव्हेटची चार भोकं तेवढी शिल्लक. ४० चं टू-स्ट्रोक मशीन होतं, ते बंद पडलं. विकणारा म्हणतो ७५ चं फोर-स्ट्रोक लावा. लावू का? नारळी पौर्णिमेआधी ठरवायचंय.

आउटबोर्ड_मिस्त्री: अमेरिकन कोस्ट गार्डचं २० फुटांच्या आतल्या होड्यांसाठी एक गणित आहे, ते करून बघा. लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. तुमचे आले ८०. स्टिअरिंग आहे आणि फळी २० इंच भरते, म्हणून दुप्पट करून ९० वजा. उरले ७०. हेच हातात दांडा धरून चालवायचं असतं तर ८० च्या ०.८ पटीतून २५ वजा, म्हणजे ३९. पाचाच्या पटीत वर नेऊन ४०. आणि दांडाच असून तळ सपाट, कडा टोकदार असती तर फक्त २५. रुंदी मोजताना कड्या-हँडल धरू नका.

देवबागकार: येवढा मोठा मशीन लावन काय इमान उडवूचा आसा?

खाडीकाठचा: 😄 मग ७५ बाद. ७० घेऊ?

जुना_तांडेल: थांबा भाऊ. ७० हा आकडा धडधाकट फळीचा. तुमचं जुनं मशीन सत्तरेक किलोचं असेल, ७० चं फोर-स्ट्रोक १२० किलोच्या घरात जातं. मी गणितात बसतंय म्हणून ६० चं लावलं होतं. दोन महिन्यांत फळीला बोल्टाजवळ तडे गेले, कारण आतलं प्लायवुड कुजलेलं. वरून फायबर चकाचक! हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघा, भद्द आवाज आला की समजा. जुनं मशीन अजून लटकलेलं असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि फळी हलते का बघा.

मिऱ्याबंदर: नोंदणीच्या कागदावर हॉर्सपॉवर सापडली तरी ती लावलेल्या मशीनची, होडीच्या मर्यादेची नव्हे. मशीन बदललं की कागदही बदलून घ्या.

खाडीकाठचा: बोल्ट काढला. भोकातून चहासारखं पाणी आलं. आधी फळी, मग मशीन. दापोलीकडे फायबरचं काम नीट करणारा कोणी आहे का?