मदत हवी आहे: दहा मीटर एअर रायफलसाठी छर्ऱ्यांची बॅच कशी पारखायची?

मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीत आहे, दहा मीटर एअर रायफल खेळते, सराव वरळीच्या रेंजवर. साठ शॉट्सना ६०८-६१० स्कोअर येतो आणि गेले काही महिने गाडी तिथेच अडकली आहे. कोच म्हणाले, पोझिशन ठीक आहे, ट्रिगर ठीक आहे, आता एकदा छर्रे तपासून घ्या. मी स्वतः नेमबाज नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलमध्ये नोकरी झाली, त्यामुळे 'तपासून घ्या' म्हटलं की हात शिवशिवतात. पण या खेळातलं तपासणं म्हणजे नेमकं काय, ते इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे.

यूट्यूबवर शोधायला गेलो तर समोर आले अमेरिकेतले शिकारी. एल्क, मूस असल्या मोठ्या जनावरांसाठीच्या रायफलीची काडतुसं ते घरीच भरतात. कुठली गोळी, किती ग्रेन बारूद, गोळी काडतुसात किती खोल बसवायची, यातली एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दर वेळी कागदावर ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बघायचा. शिकारीचं मला कौतुक नाही, पण पद्धत पटली. आमच्या शॉपफ्लोअरवर हेच चालायचं. आपल्याकडे अर्थात हा उद्योग शक्य नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा. (त्यामुळे 'काका, बारूद कुठे मिळेल' असले प्रतिसाद कृपया नकोत.)

आमचा मामला साधा. ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा, वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे ऊर्जा साडेसात ज्यूल. वीस ज्यूलच्या आतल्या ४.५ मिमीच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून तर पोरं हा खेळ लवकर सुरू करू शकतात. वेग कारखान्यातून लावून येतो, त्याला आपण हात लावायचा नाही. उरला फक्त छर्रा. त्यातही कंपनी वेगळी, डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, वजन वेगळं, आणि एकाच कंपनीच्या एकाच मापाच्या दोन डब्यांवर बॅच नंबर वेगळा. आरडब्ल्यूएस आर-१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी, चिनी क्यूवायएस, प्रत्येक पालकाचा वेगळा देव. 'सगळ्यात महागडी डबी घ्या' हा सल्लाही फुकटात मिळतो.

तीन प्रकारच्या डब्या आणल्या. मुलीने टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून पाच-पाच शॉट्सचे ग्रुप मारले. मी कागदावरचं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजलं आणि त्यातून ४.५ वजा केले. एकाच डबीचा एक ग्रुप १.४ मिमी, लगेच पुढचा २.६. दुसरी डबी सकाळी पहिली आली, दुपारी शेवटची. अशा आकड्यांवर मी कारखान्यात एकही पार्ट पास केला नसता.

तर विचारायचं हे, की किती शॉट्स मारले म्हणजे निकालावर भरवसा ठेवायचा? काट्यावर छर्रे तोलून वेगळे करण्यात अर्थ आहे का? आणि वाइसमध्ये रायफल धरून मारायची सोय मुंबईत कोणाकडे आहे का? चौथी शंका मनात आहे ती अशी, की ६१० च्या मुलीला या सगळ्याने खरंच काही फरक पडणार आहे का.

---

खवट_पार्लेकर

शेवटच्या शंकेचं उत्तर: नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच शॉट बिघडलेला असतो. पोरीला रोज अर्धा तास नुसतं ड्राय फायर, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबायला लावा, डबीचे पैसे वाचवा. आमच्या वेळी मिळेल त्या डबीवर स्टेट खेळलो.

---

जुना_नेमबाज

पार्लेकर, आपल्या वेळी दहा म्हणजे दहा होतं हो. सुमा शिरूरने २००४ साली क्वालालंपूरला ४०० पैकी ४०० मारले, तेव्हा दहाच्या रेघेला नुसता स्पर्श झाला काय आणि मधोमध बसला काय, गुण तेवढेच. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश मोजतात आणि २०१८ पासून मुलींनाही साठ शॉट्स आहेत. आता मधोमध बसलेल्याचे १०.९ आणि कड लागलेल्याचे १०.०.

मायक्रोमीटरसाहेब, तुम्ही मापाचे माणूस, म्हणून मापातच सांगतो. दहाचा ठिपका अर्ध्या मिमीचा. छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिमीच्या आत असला की १०.०, आणि तिथून आत येताना दर पाव मिमीला एक दशांश. ६०९ म्हणजे सरासरी १०.१५, म्हणजे तुमच्या मुलीचे शॉट्स केंद्रापासून सरासरी दोन मिमीवर पडतात. या दोन मिमीत तिचा हात आणि छर्रा दोन्ही आले, पण त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते. समजा छर्रा वाईट आहे आणि वाइसमध्येही सरासरी १.२ मिमी भरकटतो. तर तिचा स्वतःचा वाटा १.६. तिथे ०.६ भरकटणारा चांगला छर्रा दिला तर एकूण १.७. म्हणजे शॉटमागे पाव मिमीहून थोडं जास्त, साठ शॉट्सना सातेक गुण. ६०९ चे ६१६. आता ते कमी का जास्त, हे राज्य स्पर्धेची यादी उघडून बघा. सात गुणांत किती नावं बसतात ते दिसेल.

उलटंही खरं आहे. तिची डबी आधीच ०.७ वाली असेल तर जगातली उत्तम बॅच आणूनही गुणभराचाच फरक. म्हणून मोजायचं.

आता शॉट्स किती. शिकाऱ्याचं गणित आपल्याला चालत नाही. त्याची नळी बारीक, तीन शॉट्समध्ये तापते, आणि जनावरावर पहिला थंड नळीचा शॉटच कामाचा. तो तीनचा ग्रुप बघतो ते त्याच्या जागी बरोबर. आपल्याला साठ मारायचे असतात. ग्रुपचं टोक ते टोक माप हे फक्त दोन सर्वांत लांबच्या शॉट्सवर ठरतं, बाकीचे तीन काय करत होते ते त्यात येतच नाही. तुमचे १.४ आणि २.६ ही एकाच डबीची निव्वळ नशिबाची हालचाल असू शकते. शॉट्स वाढले की ग्रुपही वाढतो, दहाचा ग्रुप पाचच्या साधारण सव्वापट येतो, म्हणून पाचच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना करू नका. माझा हिशेब असा: एका बॅचचे पाच-पाचचे निदान सहा ग्रुप, आणि त्या सहांची सरासरी. सर्वांत छान ग्रुपचा फोटो काढून तो मिरवणाऱ्याचं काही ऐकू नका.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर आणखी सोपं. प्रत्येक शॉटचे एक्स-वाय आकडे काढून घ्या, ग्रुपचा मध्य काढा आणि तिथून प्रत्येक शॉटचं अंतर. त्याची सरासरी हीच खरी परीक्षा. नुसते दशांश गुण लिहून घेऊ नका, ग्रुप एका बाजूला सरकला असेल तर चांगला छर्राही नापास दिसेल.

---

मायक्रोमीटर

काका, हे कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. वर्गांची बेरीज म्हणजे आमचं टॉलरन्स स्टॅकिंगच की. तोलण्याबद्दल काय मत? झवेरी बाजारातून मिलिग्रॅमचा काटा आणायचा विचार होता.

---

ठाणेकर_ताई

दादा, काटा नका आणू. मी ज्युनिअर मुलांना शिकवते आणि हा प्रश्न दर सीझनला कुठल्या ना कुठल्या पालकाकडून येतो. तुमच्याच भाषेत: छर्ऱ्याला दहा मीटरला साधारण ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो सतरा-अठरा मिमी खाली येतो. वजनात एक टक्का फरक, म्हणजे पाच मिलिग्रॅम, तर वेगात अर्धा टक्का आणि पडण्यात एक टक्का. ०.१८ मिमी. एक दशांशही नाही. चांगल्या डबीत एवढा फरकसुद्धा विरळा. त्यापेक्षा डबी पांढऱ्या कागदावर हलकेच ओता आणि प्रत्येक छर्ऱ्याचा मागचा घेर बघा. घेर दबलेला, कडेला शिशाचा कीस लोंबतोय, असे काढून टाका. तसा छर्रा नळीतून निघताना सरळ निघत नाही, आणि हे काट्यावर कळत नाही.

वेग मात्र जरूर मोजा. क्रोनोग्राफ रेंजवर कुणाकडे तरी असतोच. सेकंदाला तीन मीटर इकडेतिकडे झालं की शॉट अर्ध्या मिमीहून जास्त वर-खाली जातो. ग्रुप आडवा घट्ट आणि उभा लांबट येत असेल तर आधी छर्ऱ्यावर संशय घेऊ नका, रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) बघा. रायफल बराच वेळ पडून राहिली की पहिले काही शॉट्स वेगळ्या वेगाने जातात, ते मोजणीत धरायचे नाहीत. तुमची दुसरी डबी सकाळी पहिली आणि दुपारी शेवटची आली, त्यात याचाही हात असू शकतो. आणि कंपनी बदलली की नळी पुसून वीस-पंचवीस शॉट्स नुसते सोडून द्या, मगच ग्रुप मोजा. आधीच्या छर्ऱ्याचं शिसं नळीत असतं.

वाइसबद्दल: रायफल स्टॉकमधून (हातात-खांद्याला धरायच्या सांगाड्यातून) धरा, नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला चिमटा लावायचा नाही. ट्रिगर दर वेळी तसाच दाबला गेला पाहिजे. सोय नसेल तर वाळूच्या पिशव्या चालतील, पण मग मुलीला मारू देऊ नका. तिला कुठली डबी महाग आहे ते माहीत असतं, आणि हात बरोबर त्या डबीला जास्त जपतो. दुसऱ्या कुणाला तरी डबीचं लेबल झाकून मारायला द्या.

मुंबईची एक खास अडचण. पावसाळ्यात शिशावर पांढुरकी भुकटी धरते. डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बाथरूमशेजारच्या कपाटात नको. सिलिंडर ज्या कॉम्प्रेसरवर भरता त्याचा ओलावा धरणारा फिल्टर कधी बदलला ते विचारा, संकोच करू नका. सिलिंडरवरची तारीखही बघा, मुदत संपली असेल तर स्पर्धेत जबाबदारी खेळाडूची.

आणि छर्रे हाताळून तोच हात वडापावला नको. साबणाने धुवायचे. हे मुलांना दहादा सांगावं लागतं.

---

खवट_पार्लेकर

ताई, तुमचं पटलं. पण मग बॅच निवडायची तरी कशी? आज डबी आवडली, पुढच्या महिन्यात दुकानात तो नंबरच नाही.

---

जुना_नेमबाज

म्हणूनच आधी एकेक डबी घ्यायची, मोजायची आणि जी जिंकेल तिचा बॅच नंबर सांगून सीझनभराचा साठा एकदम उचलायचा. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार पालकांनी मिळून. फक्त लक्षात घ्या, एका रायफलीत जिंकलेली बॅच दुसरीत हरते, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या नळीत मोजायची. कोणाला कुठली कंपनी लागू पडली ते मी इथे म्हणूनच लिहीत नाही, वाचणारा तीच डबी आणायला धावेल. काडतुसाची पॉइंट टू-टू रायफल खेळणारेही हेच करतात. बर्मिंगहॅमला इली या काडतूस कंपनीच्या कारखान्यात टेस्ट रेंज आहे, नेमबाज तिथे आपली रायफल घेऊन जातात आणि लॉट निवडून आणतात. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही.

---

मायक्रोमीटर

ताई, काका, पार्लेकर, सगळ्यांचे आभार. वाइस मीच बनवतो. जुन्या कंपनीतला मित्र अॅल्युमिनियमची पट्टी मिलिंग करून देतो म्हणाला, स्टॉकला लागणाऱ्या बाजूला रबर लावेन. लेबलं झाकायला घरी मास्किंग टेप आहे, टेपवर अ, ब, क लिहीन आणि कुठलं अक्षर कुणाचं ते बायकोकडे ठेवीन. एकच राहिलं. ताई, ड्रॉइंग काढून इथे टाकलं तर तुम्ही एकदा नजर घालाल का? विशेषतः स्टॉक कुठे धरायचा ती जागा.

---

ठाणेकर_ताई

टाका की. सोबत रायफलीचा बाजूने काढलेला फोटोही टाका, स्टॉकखालची रेल पूर्ण दिसली पाहिजे. आणि टेप लावताना बॅचचा स्टिकर फाडू नका, मागच्या वर्षी एका पालकाने जिंकलेल्या डबीचा नंबरच घालवला होता.