ब्रिटनचे युद्धकालीन नेतृत्व : कोणती पुस्तके, कोणत्या क्रमाने वाचावीत?

शांतवाचक

नमस्कार. चर्चिल यांची दोन मोठी चरित्रे मी अलीकडेच लागोपाठ वाचून संपवली. दोन्ही कसदार आहेत, पण दुसऱ्या महायुद्धाचा सारा भार एकट्या माणसाने पेलला आणि मंत्रिमंडळ, संसद, सेनाधिकारी हे केवळ त्याच्या मागे उभे होते, असा ठसा दोन्ही वाचल्यावर उरतो. तो मला पटत नाही. ८ मे १९४० रोजी नॉर्वेच्या मोहिमेवरील चर्चेनंतर झालेले मतदान चेंबरलेन यांच्या सरकारने २८१ विरुद्ध २०० असे जिंकले होते, तरीही दोन दिवसांत त्यांना पायउतार व्हावे लागले. पुढे १९४५ मध्ये विजयी पंतप्रधानालाच मतदारांनी घरी बसवले. या दोन्ही घटनांचा उलगडा मला चरित्रांतून नीटसा झाला नाही. संसदीय राज्यपद्धतीत युद्ध कसे चालवले जाते, निर्णय नेमके कोठे आणि कोणाच्या आग्रहाने होतात, हे समजून घ्यायचे असेल, तर वाचनाला कोठून सुरुवात करावी? स्वतः चर्चिल यांचे सहा खंडांचे युद्धकथन आधी वाचावे की मागे ठेवावे?

दप्तरदार

चर्चिल यांचे सहा खंड जरूर वाचावेत, पण सर्वांत आधी नव्हे, आणि एकटे तर मुळीच नव्हे. १९४८ ते १९५४ या काळात ते प्रसिद्ध झाले, तेव्हा युद्धकालीन मंत्रिमंडळाची कागदपत्रे इतरांसाठी बंद होती. चर्चिल यांना मात्र आपल्या कारकिर्दीतील दस्तऐवज वापरता येत होते. शिवाय १९५१ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले, म्हणजे ज्या मित्रराष्ट्रांविषयी लिहायचे त्यांच्याशीच त्यांना रोजचा व्यवहार करायचा होता. हे खंड सहायकांच्या गटाच्या मदतीने कसे सिद्ध झाले, कोणते उल्लेख सौम्य केले गेले आणि कोणते गाळले गेले, याचा शोध डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी ‘इन कमांड ऑफ हिस्टरी’ या २००४ मधील ग्रंथात घेतला आहे. तो हाताशी ठेवून मूळ खंड वाचले, तर त्यांची किंमत कमी न होता वाढतेच, असे माझे मत आहे.

मी आपल्याला सुरुवात मे १९४० च्या अखेरच्या आठवड्यापासून करायला सांगेन. फ्रान्स कोसळत होता, ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या दिशेने मागे रेटले जात होते आणि युद्धमंत्रिमंडळात पाचच जण होते : चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स आणि मजूर पक्षाचे अ‍ॅटली व ग्रीनवुड. इटलीच्या मध्यस्थीने तहाच्या अटी काय मिळू शकतात हे निदान पाहावे, असा परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचा आग्रह होता. २६ ते २८ मे या तीन दिवसांत या एका प्रश्नावर बैठकांमागून बैठका झाल्या, आणि एका क्षणी हॅलिफॅक्स राजीनाम्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा चर्चिल त्यांना बागेत फेरी मारायला घेऊन गेले. आता चर्चिल यांचा दुसरा खंड उघडा. एकट्याने लढत राहायचे की नाही हा प्रश्न युद्धमंत्रिमंडळाच्या विषयपत्रिकेवर कधी आलाच नाही, असे ते तेथे अभिमानाने नोंदवतात. इतिवृत्ते, विशेषतः त्यांना जोडलेल्या गोपनीय पुरवण्या, निराळेच सांगतात.

जॉन लुकाच यांचे ‘फाइव्ह डेज इन लंडन’ हे छोटेखानी पुस्तक या दिवसांवरच आहे. ते वाचून झाल्यावर मूळ इतिवृत्ते अवश्य पाहावीत. क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागाराने मंत्रिमंडळाची कागदपत्रे महाजालावर उपलब्ध करून दिली आहेत. त्यांची भाषा कोरडी असते, पण ज्या चेंबरलेन यांना हिटलरशी केलेल्या १९३८ च्या म्युनिक करारापायी पुढे अनेकांनी दुबळे ठरवले, तेच निर्णायक वेळी हळूहळू हॅलिफॅक्स यांच्यापासून दूर सरकून चर्चिल यांच्या बाजूला कसे आले, हे त्या कोरड्या भाषेतूनच स्पष्ट दिसते. चेंबरलेन नोव्हेंबर १९४० मध्ये वारले आणि त्यांची बाजू मांडणारे आत्मचरित्र मागे राहिले नाही. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तीन पत्रकारांनी टोपणनावाने लिहिलेल्या ‘गिल्टी मेन’ या पुस्तकाने मात्र त्यांची प्रतिमा दीर्घकाळासाठी ठरवून टाकली. कोणाला लिहायला आयुष्य मिळाले आणि कोणाला नाही, याचा इतिहासावर किती परिणाम होतो, याचे यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही.

८ मे च्या मतदानाविषयी एवढेच सांगतो की, आकडा विजयाचा असला तरी दोनशेहून अधिक मतांचे नेहमीचे आधिक्य ८१ वर आले होते. अ‍ॅडमिरल सर रॉजर कीज पूर्ण गणवेशात सभागृहात आले आणि स्वपक्षाच्याच सरकारवर तुटून पडले. लिओ अमेरी यांनी सतराव्या शतकातील सेनानी क्रॉमवेलच्या शब्दांत चेंबरलेन यांना चालते व्हायला सांगितले. तरीही शेवटचा घाव मजूर पक्षाचा होता. चेंबरलेन यांच्या हाताखाली आपण काम करणार नाही, असे त्या पक्षाने कळवल्यावर सर्वपक्षीय सरकार बनवायचे तर दुसरा पंतप्रधान शोधणे भागच होते. संसदेच्या कामकाजाचा छापील वृत्तान्तही महाजालावर आहे. नॉर्वेवरील चर्चेच्या दोन दिवसांची भाषणे ओळीने वाचून काढावीत.

मीनल

दप्तरदार यांच्या मुद्द्यांशी मी सहमत आहे, फक्त प्रारंभ १९४० पासून करू नये असे मला वाटते. पाच जणांचे युद्धमंत्रिमंडळ ही कल्पनाच पहिल्या महायुद्धातली. डिसेंबर १९१६ मध्ये अ‍ॅस्क्विथ यांना बाजूला सारून लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले, त्यांनी छोटे युद्धमंत्रिमंडळ नेमले आणि मॉरिस हँकी यांना त्याचे सचिव केले. त्याआधी ब्रिटिश मंत्रिमंडळाची नियमित इतिवृत्तेच ठेवली जात नसत! बैठकीत काय ठरले ते पंतप्रधान राजाला पत्राने कळवत आणि मंत्र्यांनी ते आपापल्या स्मरणात ठेवावे, अशी पद्धत होती. युद्ध सुरू होऊनही ती बरेच दिवस बदलली नाही, यावरूनच अ‍ॅस्क्विथ यांच्या सरकारची गती ध्यानात यावी.

म्हणूनच त्या काळाचा एक महत्त्वाचा आधार म्हणजे अ‍ॅस्क्विथ यांनी व्हेनिशिया स्टॅन्ली या तरुणीला लिहिलेली पत्रे, जी मायकेल आणि एलिनॉर ब्रॉक यांनी संपादित करून १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. साठी ओलांडलेला पंतप्रधान कधी कधी मंत्रिमंडळाची बैठक चालू असतानाच तिला पत्र लिहीत असे, आणि लष्करी गुपितेही त्यात मोकळेपणाने सांगत असे. मे १९१५ मध्ये तिने एडविन माँटेग्यू यांच्याशी विवाह करण्याचे ठरवले आणि हा पत्रव्यवहार थांबला. हेच ते माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांतले माँटेग्यू. ही पत्रे आणि त्यानंतर लॉइड जॉर्ज यांच्या युद्धस्मृतींचे खंड, असे वाचले, तर एकाच देशाने एकाच युद्धात नेतृत्वाच्या किती भिन्न तऱ्हा अनुभवल्या ते कळते. लॉइड जॉर्जही स्वतःची बाजू मांडण्यात कमी नाहीत, आणि सेनापती हेग यांच्याविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते पारखूनच घ्यावे लागते.

दुसऱ्या महायुद्धासाठी सेनाप्रमुख अ‍ॅलनब्रुक यांची दैनंदिनी चुकवू नये. तिची मूळ संहिता २००१ मध्ये आली. आर्थर ब्रायंट यांनी १९५० नंतरच्या दशकात काढलेली आवृत्ती बरीच सौम्य केलेली होती, ती घेऊ नये. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकांनी थकलेला हा माणूस चर्चिल यांच्याविषयीचा आदर आणि संताप एकाच नोंदीत लिहून ठेवतो.

अभ्यासू

१९४५ च्या निकालासाठी पॉल अ‍ॅडिसन यांचे ‘द रोड टू १९४५’ वाचा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मतदारांचा कौल प्रचाराच्या काही आठवड्यांत नव्हे, तर युद्धाच्या वर्षांतच मजूर पक्षाकडे झुकला होता. चर्चिल यांनी लष्करी बाजू सांभाळली, पण देशांतर्गत कारभाराचा मोठा भाग मजूर पक्षाच्या मंत्र्यांकडे राहिला, आणि डिसेंबर १९४२ मधील सामाजिक सुरक्षेविषयीच्या बेव्हरिज अहवालाने युद्धानंतर कसा समाज हवा याचे चित्रच लोकांपुढे ठेवले. ५ जुलैला मतदान झाले. परदेशांतील सैनिकांची मते यायची असल्याने मोजणी २६ जुलैला झाली आणि मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. मित्रराष्ट्रांच्या नेत्यांची पॉट्सडॅमची परिषद अर्ध्यावर होती. चर्चिल यांच्या जागी तेथे अ‍ॅटली गेले.

अ‍ॅटली यांचे आत्मचरित्र इतके त्रोटक आहे की त्यातून फारसे हाती लागत नाही. त्याऐवजी अ‍ॅलन बुलक यांच्या अर्नेस्ट बेव्हिन चरित्राचा दुसरा खंड घ्यावा. बेव्हिन कामगार संघटनेचे नेते होते, मंत्री झाले तेव्हा संसदेचे सदस्यही नव्हते, आणि देशाचे मनुष्यबळ कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या खाणीत जावे हे ठरवण्याचे अधिकार त्यांच्या हाती आले. युद्धाचे नेतृत्व म्हणजे भाषणे असे मानणाऱ्यांनी हा खंड वाचायलाच हवा.

शांतवाचक

तिघांचेही मनापासून आभार. आपल्या सूचनांनुसार मे १९४० पासून आरंभ करतो. एक उपप्रश्न विचारतो. याच मंत्रिमंडळाच्या काळात १९४३ चा बंगालचा दुष्काळ पडला. त्यासंबंधीचे निर्णय लंडनमध्ये कसे झाले, हे कोणत्या पुस्तकांतून समजेल?

दप्तरदार

चर्चिल यांच्या सहा खंडांच्या मुख्य कथनात हा दुष्काळ जवळजवळ नाहीच, त्यामुळे इतर आधारांकडे वळावे लागते. वर ज्या लिओ अमेरी यांचा उल्लेख आला, ते गोरखपूरला जन्मलेले आणि १९४० ते १९४५ भारतमंत्री होते. त्यांची प्रकाशित दैनंदिनी या विषयावरचा लंडनमधला सर्वांत जवळचा साक्षीदार आहे. धान्यासाठी जहाजे मिळावीत म्हणून ते मंत्रिमंडळापुढे पुन्हा पुन्हा मागणी करतात, नकार किंवा तुटपुंजे आश्वासन घेऊन परततात आणि भारताविषयी चर्चिल काय बोलले ते उद्वेगाने टिपून ठेवतात. हे लिहिणारा माणूस साम्राज्याचा कट्टर समर्थक होता, हे ध्यानात ठेवले की त्या नोंदींचे वजन अधिकच जाणवते. तिच्या जोडीला, ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय झालेल्या वेव्हेल यांची पेंडेरेल मून संपादित रोजनिशी घ्यावी. त्यामुळे एकाच मागणीची दिल्लीकडची आणि लंडनकडची अशा दोन्ही बाजू समोर येतात. मधुश्री मुखर्जी यांचे ‘चर्चिल्स सीक्रेट वॉर’ त्यानंतर वाचावे. त्यातील निष्कर्षांवर इतिहासकारांत वाद आहेत. जहाजांची खरोखरच टंचाई होती, की ती दुसरीकडे वळवण्याचे ठरले होते, हा त्या वादाचा गाभा आहे, आणि दोन्ही दैनंदिन्या आधी वाचलेल्या असतील तर त्यावर आपल्याला स्वतःचे मत बनवता येईल.