डेथ इन्व्हेस्टिगेटरचे काम गोव्यात कोण करते?

प्रश्न : डिचोलीची परिचारिका

मी बी.एस्सी. नर्सिंग केले असून एका खाजगी इस्पितळाच्या अपघात विभागात काम करते. अमेरिकेत मेडिकल एक्झामिनरच्या (संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या सरकारी डॉक्टरच्या) कार्यालयात डेथ इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारे कर्मचारी, म्हणून परिचारिकांनाही घेतात, असे माझ्या मावसबहिणीकडून कळले, तेव्हापासून ते काम मनात घोळत आहे. आमच्याकडे मृतावस्थेत कोणी आणले की डॉक्टर पोलिसांना कळवतात, हवालदार येतो, कागदपत्रे होतात आणि मृतदेह बांबोळीच्या सरकारी इस्पितळात शवचिकित्सेसाठी जातो. त्यापुढे काय होते ते आम्हांला कळत नाही. गोव्यात असे पद आहे का? नसल्यास हे काम कोण करते, आणि प्रत्यक्षात ते कसे चालते? शवागाराचे मला भय नाही. घरच्यांना आहे, पण ते शवागारापेक्षा सोयरिकीचे अधिक आहे.

उत्तर १ : निवृत्त पोलीस, सासष्टी

या नावाचे पद गोव्यात नाही. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची खबर आली की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४ होते) ठाण्याचा अधिकारी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवून जागेवर जातो आणि परिसरातील किमान दोन प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पंचनामा करतो. अंगावर कोणत्या जखमा आहेत, त्या कशाने झाल्या असाव्यात आणि मृत्यूचे वरकरणी कारण काय, हे त्यात लिहून अहवाल चोवीस तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो. विवाहाला सात वर्षे होण्याआधी विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकारी स्वतः चौकशी करतात.

माझे मत विचाराल तर कायद्यात फारशी उणीव नाही. मात्र पंचनामा लिहिणाऱ्याच्या माथी त्याच दिवशी बंदोबस्त आणि समन्सही असतात, त्यामुळे कागदावर ठरावीक वाक्ये उतरतात आणि शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरच्या हाती घटनास्थळाचे चित्र फार तुटक पोचते.

उत्तर २ : मूळची फोंड्याची, सध्या मेरीलँड

मी हेच काम करते. मेरीलँडमध्ये १९३९ पासून राज्यभरासाठी एकच मेडिकल एक्झामिनर कार्यालय आहे. अमेरिकेत अन्यत्र पुष्कळ ठिकाणी अजून कोरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा स्थानिक अधिकारी, असतो, तो बऱ्याचदा निवडून येतो आणि सगळीकडे डॉक्टर असतोच असे नाही. मुंबईतही १९९९ पर्यंत कोरोनर होता.

कामाला फोनपासून सुरुवात होते. इस्पितळ किंवा पोलीस मृत्यू कळवतात आणि तो आमच्या अखत्यारीत येतो की नाही, हे आधी ठरवावे लागते. हृदयविकारावर नियमित उपचार घेणारे नव्वदीतले आजोबा घरी वारले आणि त्यांचे डॉक्टर दाखला द्यायला तयार असले, तर बहुधा विषय तिथेच मिटतो. पण महिन्यापूर्वी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते आणि तेव्हापासून ते अंथरुणालाच खिळले होते, असे बोलता बोलता कळले, तर तोच मृत्यू अपघाती ठरू शकतो. हे बोलता बोलता काढून घेणे सर्वांत अवघड, आणि परिचारिकांना ते बरे साधते असे मला वाटते.

घटनास्थळ पोलिसांचे आणि मृतदेह आमचा, अशी तिथे ढोबळ वाटणी असते. रक्त साचून पडलेले जांभळट डाग पाठीवर आहेत आणि देह मात्र पालथा सापडला, तर कोणीतरी त्याला हलवले आहे. ताठरपणा, खोलीचे तापमान, पंखा चालू होता की बंद, औषधांच्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या, सगळे टिपायचे.

तुम्ही गोव्यात आहात म्हणून विहिरीचे उदाहरण घेते. नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसे आणि हाडांच्या मज्जेत डायटम (पाण्यातली सूक्ष्म शैवाले) सापडले, तर माणूस जिवंतपणी पाण्यात गेला या निष्कर्षाला बळ मिळते. हातापायांची सुरकुतलेली कातडी मात्र तो पाण्यात राहिला एवढेच सांगते, कारण मेल्यावर टाकलेल्या देहाचीही ती तशीच होते. पण तो घसरला, त्याने उडी घेतली की त्याला ढकलले, हे डॉक्टरला शवचिकित्सेत सहसा दिसत नाही. ते काठावर शोधावे लागते : चपला नीट काढून ठेवल्या आहेत की एक पायात आणि एक पाण्यात आहे, कळशी आणि दोर कुठे आहेत, कठड्याच्या शेवाळावर ताजा ओरखडा आहे का, मोबाईल खिशात आहे की घरी ठेवलेला आहे. नंतर घरच्यांजवळ बसून फिट यायची का, दारू किती असे, गेल्या काही दिवसांत वागण्यात फरक पडला होता का, हे विचारायचे. पावसाळ्यात काठावरचे सगळे एका सरीत धुऊन जाते, म्हणून कोण आधी पोचतो याला महत्त्व असते. नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध की अनिर्णित, या पाचांपैकी डॉक्टर जे लिहितो त्यामागे अशी माहिती असते. घरच्यांच्या दृष्टीने या एका शब्दावर विम्यापासून बदनामीपर्यंत सगळे अवलंबून असते, त्यामुळे नंतर महिनोन्‌महिने त्यांचे फोन येतात आणि ते घेणे हाही कामाचाच भाग आहे.

प्रश्नकर्ती

विहिरीचे वाचून अंगावर काटा आला, कारण असे देह आम्ही केवळ मृत म्हणून नोंदवून मोकळे होतो. नर्सिंगच्या पदवीवर पुढे वाट आहे का?

उत्तर ३ : मूळची फोंड्याची, सध्या मेरीलँड

डेथ इन्व्हेस्टिगेटरांच्या अमेरिकी मंडळाच्या नोंदणी परीक्षेला बसण्याआधी ६४० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, म्हणजे आधी नोकरी आणि मग परीक्षा. व्हिसाचा प्रश्न त्याहून मोठा आहे, तेव्हा केवळ त्यावर विसंबू नका.

उत्तर ४ : न्यायवैद्यक डॉक्टर, तिसवाडी

गोव्यात शवचिकित्सा करण्यासाठी डॉक्टरच असावे लागते, त्यामुळे ती वाट तुमच्यासाठी नाही. फोंड्याला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे, तिथले अभ्यासक्रम पाहा. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आली आहे, त्यामुळे अशा माणसांची गरज वाढेल. सरकारी पदासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान सामान्यतः मागतात, त्याची तयारी आजच ठेवा.

तोवर आहात तिथेच बरेच करता येईल. वार झालेल्या रुग्णाचे कपडे कापताना वाराच्या भोकातून कात्री घालू नका, बाजूने कापा. ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न भरता वाळवून कागदी पिशवीत ठेवा, नाहीतर त्यांना बुरशी धरते. रुग्णाला कोणी आणले आणि त्या क्षणी तो काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत वेळेसह लिहा. दाखल होताना घेतलेला रक्ताचा पहिला नमुना टाकून देऊ नका, कारण सलाईन आणि रक्त चढवल्यावर घेतलेल्या नमुन्यात मद्य किंवा विषाचे प्रमाण मुळापेक्षा कमी दिसते.