टॉरिक लेन्स: सकाळी लख्ख, दुपारी आकड्यांना सावली

नकाशेवाली (त्रिमूर्ती नगर, नागपूर)

शाळेपासून चष्मा आहे. उजवा डोळा -3.25, सिलेंडर (एका दिशेतला जादा नंबर) -1.50, ॲक्सिस (त्या नंबरची दिशा, अंशांत) 165. डाव्याला साधा नंबर, त्याची काही तक्रार नाही. बहिणीच्या लग्नासाठी म्हणून महिनाभर चालणाऱ्या लेन्स घेतल्या (उजवी टॉरिक, म्हणजे सिलेंडरचा नंबर असलेली). लग्न आटोपलं, पण लेन्स सोडवत नाहीत. मे महिन्यात हेल्मेटच्या आत घामाने घसरणारा चष्मा ज्यांनी सोसलाय त्यांना कारण सांगायला नको.

आता अडचण. माझं काम सीताबर्डीला, दिवसभर ऑटोकॅडवर इमारतींचे नकाशे. सकाळी सगळं लख्ख दिसतं. जेवणानंतर मात्र उजव्या डोळ्याला मापाच्या प्रत्येक आकड्यामागे सावली दिसते. 2380 आहे की 2330, हे झूम केल्याशिवाय कळत नाही. सावली सरळ खाली पडत नाही, तिरकी वर चढते. पापण्या मिटमिट केल्या की क्षणभर साफ, मग पुन्हा तेच. समोरच्या टेबलवाल्याला वाटत असेल मी त्याला डोळे मारून राहिली.

दुसरं म्हणजे डबीवर सिलेंडर -1.25 आणि ॲक्सिस 160 छापलंय. दुकानात विचारलं तर "लेन्समध्ये असंच येतं मॅडम." दुकानात पडलेला माल खपवला का माझ्या गळ्यात?

दृष्टिभेद

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळे तपासून नंबर काढणं हेच काम. तुम्हाला फसवलेलं नाही, फक्त समजावून सांगायचा कंटाळा केला. चष्म्याची काच हव्या त्या नंबरची घासून मिळते. रेडिमेड मऊ टॉरिक लेन्स मात्र ठरावीक टप्प्यांतच येतात: सिलेंडर बहुधा 0.75, 1.25, 1.75, 2.25 आणि ॲक्सिस 10-10 अंशांनी. 1.50 असेल तर सहसा खालचा 1.25 देतात. 165 ला 160 किंवा 170 यांतलं एक घ्यावंच लागतं. हा फरक एवढा त्रास देत नाही.

त्रास फिरण्याचा आहे. साधी लेन्स डोळ्यात गोल फिरली तरी काही बिघडत नाही. टॉरिकमध्ये सिलेंडरला दिशा असते, म्हणून ती जागेवर थांबावी लागते. त्यासाठी काही लेन्स खालच्या बाजूला जाड ठेवतात, काहींच्या वरच्या-खालच्या कडा पातळ करतात. मग पापणीच दर मिटण्याबरोबर तिला सरळ करते. ती 10 अंश फिरली तर सिलेंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो, 30 अंश फिरली तर सगळाच. आणि अशा वेळी उरणारा नंबर तिरका असतो. तुमची सावली तिरकी आहे, यावरूनच मला फिरण्याचा संशय आला.

लेन्सवर बारीक खुणा असतात, काही कंपन्यांच्या खाली, काहींच्या दोन बाजूंना. घालायच्या आधी बोटावर उजेडात धरलं तर दिसतात. डोळ्यात मात्र त्या स्लिट लॅम्पखालीच (डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र) नीट दिसतात. म्हणून तपासायला सकाळी ताज्या डोळ्यांनी जाऊ नका. लेन्स घालून, दुपारी, सावली पडत असतानाच जा. रोज एकाच बाजूला तेवढीच फिरून थांबत असेल तर ॲक्सिस बदलून दुसरी मागवता येते. इकडून तिकडे डोलत असेल तर ॲक्सिस बदलून उपयोग नाही, लेन्सचा प्रकारच बदलावा लागेल.

वाळ्याचीताटी

ताई, तुमच्या टेबलाजवळ कूलर आहे का? आमच्या ऑफिसात त्याचा झोत सरळ तोंडावर यायचा. गार वाटायचं, पण दुपारी चारला लेन्स डोळ्याला चिकटल्यासारखी व्हायची. खुर्ची फिरवली, निम्मा त्रास गेला. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यात हे वारं. मिटमिट केल्यावर तुम्हाला साफ दिसतं म्हणता, म्हणजे कोरडेपणाही असणार.

अजून एक, दुपट्टा. आपण सगळ्याच ऊन लागू नये म्हणून तोंडाला गच्च बांधतो. नाकाजवळ तो सैल राहिला की श्वास वर डोळ्यांतच जातो. नाकावर नीट दाबून बांधा. गाडीवर हेल्मेटची काच खाली, नाहीतर मोठा गॉगल. थेंब घालायचे तर लेन्सवर चालणारेच. लाली घालवणारे नकोत, माझ्या वहिनीने तेच घातले होते.

हिंगणेकर

मी कडक लेन्स वापरतो, आरजीपी. पहिले काही आठवडे डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण दिसतं ते चष्म्याहून धारदार. एमआयडीसीच्या धुळीत मात्र कण आत गेला तर गाडी थांबवावीच लागते. तुमचा सिलेंडर जास्त नाही, मऊवर निभेल. फक्त नंबर वर्षावर्षाला वाढत असेल आणि डोळे चोळायची सवय असेल तर कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) टोपोग्राफी, म्हणजे तिच्या आकाराचा नकाशा, करून घ्या, केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन पुढे येणं) नाही ना बघायला.

नकाशेवाली

कूलर आहे, आणि बरोबर उजव्या हाताला! टेबल हलवणं साहेबांच्या हातात, झोताची पट्टी माझ्या, ती आजच वर केली. नंबर कॉलेजपासून तोच आहे, चोळायची सवय नाही.

@दृष्टिभेद, दुपारी आडवं झालं तर फिरते का? रविवारी कुशीवर पडून मोबाईल बघताना हमखास धूसर दिसतं. आणि ॲक्सिस बदलायचा निघाला तर उघडलेली डबी दुकानदार परत घेईल का?

दृष्टिभेद

कुशीवर फिरू शकते, उठून बसलात की थोड्या वेळात जागेवर येते. डोळा लागणार असेल तर मात्र आधी काढा. उघडलेलं पाकीट कुणी परत घेत नाही, म्हणून आधी ट्रायल लेन्स मागा. ती घालून एक पूर्ण दिवस ऑफिसात काढा आणि मगच डबीचे पैसे द्या.